त्या गावचे पाणी

आमच्या गावाला त्या गावाचा राग का होता, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही. राग होता एवढे खरे. ते खाडीच्या पलीकडे, वर कल्याणच्या अंगाला. आम्ही अलीकडे, खाली कोपरच्या बाजूला. मध्ये पाणी, तिवरे आणि गुडघाभर चिखल. त्यांच्याकडे खाजणातली भातशेती, आमच्याकडे मिठागरे. त्यांच्या मुली आमच्यात दिलेल्या, आमच्या त्यांच्यात. एकमेकांच्या मांडवात पोट फुटेस्तोवर जेवायचे आणि घरी आल्यावर त्यांच्या भाताला नावे ठेवायची, ही दोन्हीकडची रीत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे. एवढ्यावर ते थांबले असते तर आज मला हे लिहायला काही कारण नव्हते.

पण वर्षातला एक दिवस हुतुतूचा होता. चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मिठागरात कोणी उतरत नसे, आणि त्या दिवशी दोन गावांचा खेळ. एक साल आमच्या पटांगणात, एक साल त्यांच्या. ज्या साली त्यांच्याकडे जायचे असे, त्या साली गावात म्हातारेकोतारे आणि बायका तेवढ्या मागे राहत. बाकी सगळे मीठ वाहायच्या मचव्यात चढत. खेळणारे आठ-नऊ आणि ओरडणारे पन्नास. मी ओरडणाऱ्यांतला. कल्याणच्या शाळेत सहा इयत्ता शिकून मी परत मिठागरातच मीठ ओढायला आलो होतो, त्यामुळे माझ्या शिकण्याचा गावाला काडीचा उपयोग नव्हता. गळ्याचा मात्र होता. माझा आवाज खाडीच्या पलीकडे ऐकू जातो असे लोक कौतुकाने सांगत, आणि मी ते कौतुक खरे धरून छाती फुगवून हिंडत असे. तेवीस वर्षांचा गाढव होतो.

त्या दिवसाची एक शिस्त होती. ज्यांच्या गावी खेळ, त्यांच्या गावचे पाणी प्यायचे नाही. फार पूर्वी कधी तरी आमचे गडी त्यांच्या विहिरीचे पाणी प्याले आणि सगळ्यांच्या पायांत गोळे आले, असे म्हातारे सांगत. पाणी मंतरलेले होते म्हणे. उन्हातान्हात मचवा वल्हवून आलेल्या माणसाने घटाघटा पाणी प्यायल्यावर पोटऱ्या वळायला मंत्र कशाला लागतो, हे मला तेव्हाही कळत होते. तरी मी बोललो नाही, कारण खरे सांगायचे तर मला ती शिस्त आवडे. आपले पाणी आपण घेऊन दुसऱ्याच्या गावात उतरायचे, त्यात एक ऐट होती. तेही आमच्याकडे येताना आपले माठ घेऊन येत, आणि आमच्या बायका ते माठ बघून नाके मुरडत. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस आम्ही एकमेकांकडे पाणीच काय, ताडीसुद्धा पीत होतो.

माझा एक जोडीदार होता. मिठागरात आमच्या दोघांची जागा शेजारी शेजारी. तो बोलायला कमी आणि हसायला जास्त. आमच्या गावात त्याच्यासारखा हुतुतू खेळणारा दुसरा नव्हता. दम घेऊन पलीकडे गेला की समोरचे मागे मागे सरत. त्याची बायको त्याच गावची, म्हणजे तो त्यांचा जावई. आणि तिचा थोरला भाऊ त्यांच्या गावाकडून खेळणारा, दांडगा, रेड्यासारख्या मानेचा गडी. मेहुण्या-मेहुण्यांचे एरवी चांगले गूळपीठ होते. खेळाच्या दिवशी मात्र एकमेकांकडे ओळख नसल्यासारखे बघायचे.

मी सांगतो आहे त्या सालाच्या दोन वर्षे आधी जोडीदाराला हिवतापाने धरले. आमच्याकडे कोणाला धरत नाही? दुपार झाली की दात वाजायचे, मग घाम, मग संध्याकाळी पुन्हा माणूस कामाला. ताप गेला पण त्याची पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली. डाव्या कुशीत हात लावला की चांगली फळीसारखी टणक लागे. वैदूने तिच्यावर लोखंड तापवून तीन डाग दिले, त्याचे वण राहिले, पानथरी राहिली ती राहिलीच. आदल्या साली तो खेळला नव्हता, पण पानथरीचे गावाबाहेर कोणाला, तिच्या माहेरीसुद्धा, कळू दिले नव्हते. खेळ आमच्या गावात होता आणि आम्ही हरलो होतो. वर्षभर ते आमच्या मनात सलत होते. त्याच्या मनात किती सलत होते ते त्याने कधी सांगितले नाही.

त्या साली खेळाच्या सकाळी आम्ही मचव्यात माठ चढवत होतो तेव्हा त्याची बायको धक्क्यावर आली. डोक्यावर पदर, कडेवर वर्षाची मुलगी. मला बाजूला बोलावून म्हणाली, "भावजी, त्याला बघाया न्या. पन खेलाया उतरू देव नका. त्याचे पोटान काय हाय ते तुमाला म्हाईत हाय."

मी म्हणालो, "वैनी, माझेवर सोरा. मी त्याला रेषेच्या जवल पन जाव देनार नाय."

"शपत घ्या."

"गावदेवीची शपत."

तेव्हा कुठे ती हसली. तिने मुलीचा हात धरून निरोप दिल्यासारखा माझ्याकडे हलवला आणि परत गेली. मी घेतलेली शपथ काही तोंडदेखली नव्हती. मला खरेच वाटत होते की त्याला मी आवरीन.

मचवा सुटल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. "काय पंतोजी, माझी बायको काय सांगत व्हती?"

शिकलो म्हणून तो मला पंतोजी म्हणे. मी म्हणालो, "तुला बांधून ठेवाया सांगितलाय."

"मंग दोरी आनलीस का?" असे म्हणून तो इतका हसला की सुकाणूवरच्या तांडेलानेही मान वळवून पाहिले. भरती लागली होती, मचवा आपोआप वर चालला होता. बंधाऱ्यावरून कल्याणकडे जाणारी आगगाडी धूर सोडत गेली. आमच्यातल्या कोणीतरी तिच्याशी शर्यत लावल्यासारखी आरोळी ठोकली आणि ढोल सुरू झाला.

तीन माठ होते. त्यांच्या बंदराला मचवा लागताना धक्का बसला आणि एक माठ फुटला. अपशकुन म्हणून दोघातिघांनी तोंडे वाकडी केली. माणसे साठ आणि माठ दोन, हा हिशेब कोणाच्याच डोक्यात आला नाही. दुपारी झाडाखाली बसून आम्ही भाकऱ्या खाल्ल्या, सुकटीची चटणी खाल्ली, आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच दोन्ही माठ उपडे झाले. ढोल वाजवणाऱ्यांनीच निम्मे संपवले असतील. समोर त्यांची विहीर. बायका पाणी ओढत होत्या, घागरी भरून डोक्यावर ठेवत होत्या, जाताना मुद्दाम आमच्या समोरून जात होत्या. आम्ही साठ जण थुंकी गिळत तिकडे बघत होतो, आणि एकजणही उठला नाही. याचा आम्हाला अभिमान वाटत होता.

खेळ चार वाजता लागला. त्यांचे पटांगण कठीण, भाताच्या खळ्यासारखे चोपलेले. त्यांचा एक पंच, आमचा एक पंच. पहिला डाव त्यांनी घेतला, दुसरा आम्ही. तिसऱ्यात आमचे गडी एकेक करून बसत गेले. हुतुतूत बाद झालेल्याला मेला म्हणतात, हे सगळ्यांना ठाऊकच आहे. एकेक गडी बसला की त्यांच्याकडचे दोनशे जण एका आवाजात "मेला!" म्हणत आणि टाळ्या पिटत. आम्ही घसा फोडून ओरडत होतो, पण कोरड्या घशाने माणूस किती ओरडणार? शेवटी आमच्यातल्या एकाचा घोटा मुरगळला आणि त्याच्या जागी घालायला खेळता येणारा कोणी उरला नाही. एकटा तो सोडून. तो माझ्या शेजारी उकिडवा बसला होता.

त्यांच्या लोकांना ते बरोबर दिसले. आधी कोणीतरी एकजण ओरडला, "जावई पाटावर बसलाय, त्याला जेवाया वारा!" मग सगळेच. "जावईबापू, लाजू नका, सासुरवारीच हाय!" "आमची पोर तिकरं देली ती बाप्याला देली का बायकोला?" शेवटी एकाने आपल्या बायकोच्या हातातली काकणे काढून रेषेवर फेकली. ती खळकन् फुटली आणि सगळे पटांगण हसले.

मला अजून ते हसणे ऐकू येते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्याने मला विचारले असते, हट्ट केला असता, तर मी त्याला नाही म्हटले असते असे मला पुष्कळदा वाटते. पण त्याने नुसते पाहिले, आणि मीच म्हणालो, "उतर. एकच दम. हात लावून परत ये."

माझ्या डोक्याचे फडके सोडून मी ते त्याच्या पोटाला गुंडाळले, घट्ट, तीनही डाग झाकतील असे. पोटाला आधार व्हावा म्हणून नव्हे. त्यांना डाग दिसू नयेत म्हणून. पानथरी आहे हे कळले तर ते नेमके पोटावर पडतील, अशी माझी अक्कल. मेहुणा समोर वीस हातांवर उभा होता. त्याला एक हाक मारून सांगितले असते की बाबा, पोटाला जप, तर तो जपला असता. आपल्या बहिणीच्या नवऱ्याच्या पोटावर पडणारा माणूस तो नव्हता. पण गावाची कमजोरी दुसऱ्या गावाला सांगायची म्हणजे नाक कापून त्यांच्या हातात देण्यासारखे. मी गाठ मारली आणि त्याच्या पाठीवर थाप दिली.

तो पलीकडे गेला आणि दुखण्याआधीचा तोच गडी पुन्हा दिसला. दोघांना त्याने बोटे लावली. वळून परत येताना मेहुण्याने त्याचा घोटा धरला, तो आडवा झाला, आणि वर पाच-सहा जण पडले. त्या ढिगाखालून "हुतुतुतु" चालूच होते. मग ढिगाखालून एक हात बाहेर आला, मातीवरून सरकत सरकत रेषेवर आला. आणि दम थांबला.

हात आधी की दम आधी? हात आधी असेल तर त्याला धरणारे सगळे मेले आणि डाव आमचा. त्यांचे लोक ओरडले, "मेला! मेला!" आम्ही ओरडलो, "नाय मेला!" दोन्ही पंच एकमेकांच्या अंगावर धावले. आमच्या दोन गावांत असा नियम होता की अशा तंट्यात पंच बोलेपर्यंत गड्याने जागचे हलायचे नाही आणि कोणी त्याला हात लावायचा नाही. हात लावला तर तो मेला. म्हणून वरचे सगळे उठले आणि तो तसाच पालथा राहिला, हात रेषेवर. आम्ही रेषेच्या कडेने कडे केले. सगळ्यांत मोठा आवाज अर्थात माझा. "हात नको लावू कोनी! नाय मेला! नाय मेला!"

त्याचे तोंड माझ्या पायांपासून हातभर अंतरावर होते. गाल मातीला लागलेला, एक डोळा माझ्याकडे. ओठ हलले म्हणून मी खाली वाकलो. तो म्हणाला, "पानी."

मी म्हणालो, "गप. बोलू नको. हलू नको. जिकलाव आपन."

त्याने तोंड मिटले. माझे ऐकले त्याने.

मेहुणा तिथेच उभा होता. बाकीचे पंचांच्या भांडणाकडे बघत होते. तो एकटा जोडीदाराच्या तोंडाकडे बघत होता. तो एकदम वळून पळाला आणि विहिरीवरच्या कोणा बाईच्या हातातला तांब्या घेऊन आला. भरलेला होता, हिंदकळत होता. तो वाकायला लागला तेवढ्यात मी त्याच्या मनगटावर फटका मारला. तांब्या उडाला. "तुमचा पानी पाजून मारताव काय त्याला?" असे मी म्हणालो. हेच शब्द.

तो म्हणाला, "अरे, माझे बहिनीचा नवरा हाय तो. तोंड बघ त्याचा, पांढरा परलाय."

आम्हाला तो कावा वाटला. हात लावायचा, पाणी पाजायचे, आणि मग म्हणायचे मेला. आमच्यातल्या चार-पाच जणांनी त्याला ढकलत मागे नेले. तांब्यातले पाणी त्या चोपलेल्या मातीवर पसरले आणि जरा वेळाने जिरले. मी ते जिरताना पाहिले. माझ्याही घशाला कोरड होती.

पंचांचे किती वेळ चालले ते सांगता येत नाही. पान लावून, खाऊन, थुंकून होईल एवढा वेळ नक्की. अखेर आमच्या ओरडण्याला कंटाळून म्हणा किंवा मनापासून म्हणा, त्यांच्या पंचाने हात वर केला आणि म्हणाला, "जिता."

आम्ही जिंकलो. दोघातिघांनी त्याला उचलून खांद्यावर घेतले. पोट एकाच्या खांद्यावर, पाय दुसऱ्याच्या, आणि ढोलाच्या तालावर त्याला नाचवत बंदरापर्यंत आणले. तो हसला होता, हे मी शपथेवर सांगतो. पण माझ्या शपथेची किंमत वाचणाऱ्याने आता ठरवावी. मेहुणा आमच्या बाजूने चालत होता. "त्याला आज आमचे घरी ठेवा. मी वैद बोलावतंव. उद्या मीच घेऊन येन," असे पुन्हा पुन्हा म्हणत होता. जिंकलेला गडी त्यांच्या घरी ठेवून आम्ही हात हलवत परत जायचे? आम्ही ढोल आणखी जोरात वाजवला.

ओहोटीने मचवा भराभर खाली निघाला. तो माझ्या मांडीवर डोके ठेवून पडला होता. अंगाला घाम, आणि घाम गार. डावा खांदा दुखतो म्हणाला. पडताना मुरगळला असेल म्हणून मी खांदा चोळू लागलो. मग म्हणाला, "पानी दे रं, पंतोजी." मी दोन्ही माठ आडवे करून पाहिले. तळाला ओल होती. फडके सोडून त्याचे टोक माठाच्या तळाला फिरवले आणि त्याच्या ओठांना लावले. सभोवती खाडी भरून पाणी, आणि सगळे खारे. मी म्हणालो, "आता गाव आला. घरचा गोर पानी पी." तो गप्प झाला. झोप लागली असे समजून मी हळू चोळू लागलो.

पुढे मी ठाण्याला शाळेत मास्तर झालो, तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरला, दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट म्हणून, हे सगळे विचारले. तो म्हणाला, पानथरी फुटली. रक्त आतल्या आत जाते, बाहेर थेंब दिसत नाही. डावा खांदा दुखतो, आणि तहान लागते. पाणी दिले असते तरी वाचला नसता, असेही म्हणाला. त्याने ते चांगल्या हेतूने सांगितले असेल. मला त्याचा रागच आला. वाचला नसता हे ठीक. पण पाणी प्यायला असता की नाही?

आमच्याकडे अशी रीत होती की मचवा जिंकून आला की गावाच्या अलीकडच्या वळणावर थांबून काठावरच्यांना ओरडून सांगायचे. सूर्य बुडाला होता, पण उजेड होता. काठावर माणसे जमलेली दिसत होती. "पंतोजी, हो पुरं, मार आरोली," असे सगळे म्हणाले. मी त्याचे डोके मांडीवरून काढून दोराच्या वेटोळ्यावर ठेवले, मचव्याच्या टोकाला जाऊन उभा राहिलो, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडलो, "नाय मेला! आपला गडी नाय मेला! जिता हाय, जिता!"

तीन वेळा ओरडलो. काठावरून बायकांचा आवाज उठला.

परत येऊन मी त्याचे डोके उचलले तेव्हा मान भलतीकडेच वळली. केव्हा गेला ते मला ठाऊक नाही. मी चोळत होतो तो खांदा कधीपासून मेलेल्या माणसाचा होता, हेही मला सांगता येणार नाही.

ओहोटीमुळे मचवा धक्क्याला लागला नाही. चिखलातून उतरावे लागले. चौघांनी त्याला उचलले. कोणी बोलत नव्हते, म्हणून काठावरचेही हळूहळू बोलायचे थांबले. त्याची बायको मुलीला कोणाकडे तरी देऊन चिखलात उतरली आणि मांड्यांपर्यंत रुतत आमच्यापर्यंत आली. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग माझ्याकडे पाहिले. मी वाट बघत होतो. ती शपथेचे विचारील, थोबाडीत मारील, छाती पिटील. मी त्या सगळ्याला तयार होतो. तिने विचारले, "पानी दिलाव का त्याला?"

मागे दोघेजण रिकामे माठ खांद्यावर उपडे घेऊन उतरत होते. तिला ते दिसत होते. आमचे पाणी दिले असे सांगायची सोय नव्हती.

मी म्हणालो, "दिला. तुमचे भावानी दिला."

तिने मान हलवली आणि मग रडायला लागली.

पहाटे निरोप गेला आणि उन्हे वर यायच्या आत तिचा भाऊ आला, बापाला घेऊन, लहान होडीतून. आम्ही ओटीवर बसलो होतो, जोडीदाराला आत ठेवले होते. भाऊ माझ्याजवळून आत गेला तेव्हा मी बाजूला सरलो. त्याच्या उजव्या मनगटावर माझ्या फटक्याची सूज होती. मला वाटले, आता हा सगळ्यांसमोर बोलणार, आणि बोलावेच असेही वाटले.

ती उठून त्याच्या गळ्यात पडली. बराच वेळ रडली आणि मग म्हणाली, "दादा, तू त्याला पानी पाजलास ना रं? भावजीनी सांगला. तेवरा तरी बरा झाला. माझे मानसाला तहानेला नाय जाव दिलास."

त्याने तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिले. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. तो रागावला असता तर मला सोपे झाले असते. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. तो दमलेला दिसत होता.

"हां," तो म्हणाला. "माझे हातानी पाजला. दोन घोट घेतला त्यानी."

मी बाहेर आलो आणि लाकडे उचलणाऱ्यांत सामील झालो.

त्या दिवसानंतर दोन्ही गावांनी हुतुतू बंद केला. तिचा भाऊ पुढे पटकीच्या साथीत गेला. मधल्या सगळ्या वर्षांत आम्ही किती तरी लग्नांत, किती तरी मयतींत भेटलो. त्याच्या विहिरीचे पाणी मी प्यालो. तो एक अक्षर बोलला नाही आणि मीही विषय काढला नाही. मला त्याचे पाय धरायचे होते, पण प्रत्येक वेळी मी पावसापाण्याचे बोललो.

ती अजून आहे. लेकीचे लग्न झाले, आता ती एकटीच असते. शाळेला सुट्टी लागली की मी गावी जातो आणि तिच्या ओटीवर बसतो. कोणी नवे माणूस आले की ती त्याला सांगते की माझ्या नवऱ्याला शेवटचे पाणी माझ्या भावाने पाजले, खेळाचा दिवस असून पाजले, गावाची रीत मोडून पाजले. सांगून झाले की माझ्याकडे वळते आणि म्हणते, "भावजी, तुमी बघितलाव ना?"

मी दर खेपेला हो म्हणतो.